सात किलोंचा संसार

प्रवासाविषयीं बोलावयाचें म्हटलें म्हणजे वक्त्यानें हिमशिखरांचें, नद्यांचें आणि देवळांचें वर्णन करावें अशी आपली अपेक्षा असणार. माझा आजचा विषय त्या मानानें फारच क्षुद्र आहे. तो विषय म्हणजे बॅग. आणि तीहि मोठी नव्हे, तर विमानांत आपल्याजवळ ठेवतां येते ती लहानशी, मऊ कापडाची, चाकांची बॅग. ज्या मनुष्यानें उभा जन्म मुलांच्या उत्तरपत्रिका तपासण्यांत घालविला, त्यानें आतां बॅगांची परीक्षा घ्यावी हें कित्येकांना चमत्कारिक वाटेल. परंतु वस्तूची पारख आणि विद्यार्थ्याची पारख यांत फारसें अंतर नाहीं. दोन्हीं ठिकाणीं आपली एकच चूक होते. जें डोळ्यांस दिसतें त्याला आपण गुण देऊन मोकळे होतों, आणि अडचणीच्या वेळीं काय होईल हें विचारावयाचें राहून जातें.

आमच्या लहानपणीं सामान म्हणजे पत्र्याची ट्रंक, पट्ट्यांनीं आवळलेली वळकटी आणि पाण्याचा फिरकीचा तांब्या. हें सर्व हमालाच्या डोक्यावर जात असे. त्यामुळें वजनाचा विचार करण्याचें आम्हांस कारणच नव्हतें. पुढें सामानाला चाकें आलीं. बर्नार्ड सॅडो या अमेरिकन गृहस्थास चाकांच्या सूटकेसचें पेटंट १९७२ सालीं मिळालें, म्हणजे मनुष्य चंद्रावर उतरल्यानंतर तीन वर्षांनीं! त्यानंतर १९८७ सालीं रॉबर्ट प्लाथ नांवाच्या एका वैमानिकानें बॅग उभी करून तिला दोन चाकें व लांब दांडी लावली, आणि आज आपण विमानतळावर पाहतों तो प्रकार रूढ झाला. हमाल गेला, आणि हमालाचें काम आपणांकडे आलें. म्हणूनच बॅगेची निवड ही आतां केवळ शोभेची बाब राहिलेली नाहीं.

ती शोभेची बाब नाहीं हें मी मात्र फार उशिरां शिकलों. २०११ सालीं मी व माझी पत्नी बद्रीनाथच्या यात्रेस निघालों. डेहराडूनपर्यंत विमानानें जावयाचें आणि तेथून मोटारीनें वर चढावयाचें, असा बेत होता. पत्नीस मधुमेहासाठीं इन्सुलिन घ्यावें लागतें. तें मीं मोठ्या बॅगेंत, कपड्यांच्या मधोमध, अगदीं जपून ठेवलें होतें. आम्ही डेहराडूनला पोहोंचलों. बॅग पोहोंचली नाहीं. "उद्यां येईल" असें आम्हांस सांगण्यांत आलें. ती आली दोन दिवसांनीं. रात्रीं ऋषिकेशमध्यें औषधांचीं दुकानें धुंडाळून इन्सुलिन मिळविलें, पण तोंपर्यंत तिची प्रकृति इतकी बिघडली होती कीं डॉक्टरांनीं वर जाण्यास साफ मनाई केली. आम्ही तेथूनच परत फिरलों. बद्रीनाथाचें दर्शन राहून गेलें तें गेलेंच. बॅग मागें राहिली हा विमान कंपनीचा दोष खरा. परंतु औषध त्या बॅगेंत ठेवणारा हात माझा होता. विमानाच्या पोटांतील थंडीनें इन्सुलिन गोठूं शकतें आणि एकदां गोठलेलें इन्सुलिन निरुपयोगी होतें, म्हणून तें नेहमीं जवळच ठेवावें, हेंहि मला मागाहून कळलें.

हें सारें आज आठवण्याचें कारण असें कीं २०२४ सालच्या सप्टेंबरांत माझ्या नातीनें मला लडाखला नेण्याचें ठरविलें. माझ्या रक्तदाबामुळें डॉक्टरांची परवानगी आधीं काढावी लागली. ती मिळतांच नात एक नवी बॅग घेऊन घरीं आली व म्हणाली, "आजोबा, दोघांनींहि एवढीशीच बॅग घ्यावयाची. विमानाच्या पोटांत कांहींहि टाकावयाचें नाहीं." बॅग मऊ कापडाची होती, करड्या रंगाची, दोन चाकांची. मी म्हणालों, "ठीक आहे, पण परीक्षा घेतल्याशिवाय मी तिला घरांत प्रवेश देणार नाहीं." दुकानदारानें आठ दिवसांत बॅग परत घेण्याचें कबूल केलें होतें. त्या आठ दिवसांत आम्हीं काय केलें तें आतां सांगतों.

पहिला प्रश्न वजनाचा. आपल्या देशांतील विमानांत साध्या वर्गाच्या उतारूस जवळ ठेवण्यास सामान्यतः ७ किलोंची परवानगी असते. बॅगेचें स्वतःचें वजन हें या सातांतून प्रथम वजा करावें लागतें, आणि नेमकें हेंच गिऱ्हाईक विसरतें. सामान टांगून तोलावयाचा लहानसा कांटा मिळतो. त्यावर रिकामी बॅग २ किलो १०० ग्रॅम भरली. म्हणजे शंभरांतील तीस गुण परीक्षेस बसण्यापूर्वींच गेले! त्याच दुकानांतील कडक कवचाची चार चाकांची एक पेटी मीं तोलून पाहिली; ती ३ किलो भरली. घरांतली बिनचाकांची, खांद्यावर अडकवावयाची कापडी बॅग मात्र केवळ ८०० ग्रॅम होती. या तीन आंकड्यांत सगळा हिशेब आहे. चाकें, दांडी आणि त्यांना धरून ठेवणारा सांगाडा यांच्यासाठीं आपण एक किलो ३०० ग्रॅम मोजतों. ही किंमत द्यावी कीं नाहीं, हें आपली वाट कशी आहे त्यावर ठरवावें.

दुसरा प्रश्न मापाचा. कांहीं कंपन्या ५५, ३५ आणि २५ सेंटिमीटर असें माप सांगतात, कांहीं ५५, ४० आणि २०. दोन्हींची बेरीज ११५ च येते. पण गुणाकार करून पाहा. पहिल्या मापाची पेटी सुमारें ४८ लिटरांची होते, दुसऱ्या मापाची ४४ लिटरांची. बेरीज सारखी असून गुणाकार निराळा येतो, हें मीं वर्गांत मुलांना पुष्कळदां शिकविलें. परंतु त्याचा उपयोग स्वतःचे पायमोजे मावण्यासाठीं होईल असें तेव्हां वाटलें नव्हतें. नियम कंपनीप्रमाणें निराळे असतात व बदलतातहि. म्हणून ते तिकीट काढतांनाच पाहावे. आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवावी. कंपनी मोजते तें माप चाकें व मूठ धरून मोजते. विकणारा कित्येकदां नुसत्या अंगाचें माप सांगतो. आमच्या बॅगेचें माप बाहेरून बरोबर पहिल्या प्रकारचें होतें. आंतून मीं फूटपट्टी लावली, तेव्हां ४९, ३३ आणि २१ सेंटिमीटर भरलें. म्हणजे पुरते ३४ लिटरहि नाहींत. मधले १४ लिटर चाकांनीं, दांडीच्या नळ्यांनीं व अस्तरानें खाल्ले.

मऊ बॅगेचा गुण असा कीं ती थोडी दबते आणि अरुंद जागेंत बसते. तिचा दोषहि तोच आहे: ती फुगते. पुष्कळ बॅगांना भोंवतालीं एक जादा चेन असते. ती उघडली कीं बॅग तीन-चार बोटें जाड होते. घरीं ही मोठी सोय वाटते, पण विमानतळावर मापाच्या चौकटींत बॅग घालावयास सांगितली म्हणजे तीच सोय दंडाचें कारण होते. आम्हीं ती जादा चेन सुईदोऱ्यानें चार टांके घालून बंदच करून टाकली.

तिसरा प्रश्न कापडाचा. या बॅगा बहुधा नायलॉनच्या किंवा पॉलिएस्टरच्या असतात. नायलॉन १९३५ सालीं अमेरिकेंत वॉलेस कॅरोथर्स या रसायनशास्त्रज्ञानें तयार केलें. पॉलिएस्टरचा धागा १९४१ सालीं इंग्लंडांत व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघांनीं. नायलॉन घांसण्यास अधिक टिकतें. पॉलिएस्टर उन्हांत अधिक टिकतें व पाणी कमी पितें. बॅगेवर ६००, ९००, १६८० असे आंकडे लिहिलेले आढळतात. तें डेनियर नांवाचें माप होय. नऊ हजार मीटर लांबीच्या धाग्याचें जितके ग्रॅम वजन, तितके त्याचे डेनियर. म्हणजे हा आंकडा धाग्याचा जाडपणा सांगतो. धागा कशाचा आहे आणि वीण किती घट्ट आहे, हें तो सांगत नाहीं. मोठ्या आंकड्यावर भुलणें म्हणजे मुलाची उंची पाहून त्याला गणितांत गुण देण्यासारखें आहे.

कापडापेक्षांहि मी कोपरे पाहतों. बॅगेचें मरण कोपऱ्यापासून सुरू होतें. खालच्या दोन कोपऱ्यांवर कापडाचा दुसरा थर किंवा रबराची टोपी आहे काय? मूठ जेथें अंगास जोडली आहे तेथें चौकोनी शिवण घालून तींत फुली मारली आहे, कीं नुसते दोन टांके घातले आहेत? बॅग उलटी करून आंतल्या शिवणीला पट्टी शिवली आहे, कीं कापडाचे धागे मोकळे सुटले आहेत? आमच्या बॅगेचा तळ व कोपरे नायलॉनचे होते, बाकीचें अंग पॉलिएस्टरचें. मुठींची शिवण उत्तम होती. बाहेरच्या खिशाची शिवण मात्र एकेरी होती. तें मीं वहींत टिपून ठेवलें.

चौथा प्रश्न चाकांचा. चार चाकांची पेटी गुळगुळीत फरशीवर एका बोटानें चालते, आणि दुकानांत फरशी गुळगुळीतच असते! पण तीं चाकें बहुधा लहान असतात व अंगाबाहेर लोंबतात. येथें शाळेंतलें यंत्रशास्त्र उपयोगीं पडतें. चाकाच्या त्रिज्येइतक्या उंचीचा दगड समोर आला कीं चाक आडव्या ओढीनें त्यावर चढूंच शकत नाहीं. बैलगाडीचें चाक पुरुषभर उंच कां, याचें उत्तर यांतच आहे. आमच्या बॅगेचीं चाकें ८ सेंटिमीटर व्यासाचीं होतीं, म्हणजे त्रिज्या ४. चार चाकांच्या त्या पेटीचीं ५ सेंटिमीटरांचीं, म्हणजे त्रिज्या अडीच. फरक दीड सेंटिमीटराचा. पण खडीच्या रस्त्यावर दीड सेंटिमीटर पुष्कळ झाले. शिवाय आमचीं चाकें स्क्रूनें बसविलेलीं होतीं, म्हणजे झिजल्यावर बदलतां येण्याजोगीं. रिवेट ठोकून बसविलेलें चाक मोडलें कीं सगळी बॅगच गेली.

पांचवा प्रश्न चेनचा. बॅग ठासून भरावी आणि रनर एका हातानें चारीं कोपऱ्यांवरून फिरवून पाहावा. जेथें तो अडतो तेथेंच पुढें चेन तुटणार, असें खुशाल समजावें. मग मीं नातीला एक प्रयोग करून दाखविला. चेन लावून रनरना कुलूप घातलें, आणि साधें बॉलपेन दांत्यांच्या मधोमध दाबलें. चेन उघडली! नंतर रनर एकवार इकडून तिकडे फिरवले, तों ती पूर्ववत् बंद झाली. नात थक्क झाली. कुलूप हें आळशी चोरासाठीं आहे, हें ध्यानांत ठेवावें. कडक पेटी अधिक सुरक्षित असें म्हणणारांनीं हेंहि पाहावें कीं बहुतेक कडक पेट्याहि चेननेंच बंद होतात.

सहावा प्रश्न पावसाचा. बॅगेंत वर्तमानपत्रें भरून ती न्हाणीघरांत ठेवली आणि झाऱ्यानें दहा मिनिटें तिच्यावर पाणी धरलें. कापडाखालचे कागद कोरडे राहिले. चेनखालचे मात्र भिजून लगदा झाले. जलरोधक म्हणून विकलेल्या बॅगेचा जलरोधकपणा बहुधा कापडापुरता असतो. चेन आणि शिवणी यांचें उत्तर आपणच द्यावें लागतें. तें उत्तर सोपें व स्वस्त आहे: आंतले कपडे प्लास्टिकच्या जाड पिशवींत घालून तिचें तोंड दुमडून बांधावें.

सातवी परीक्षा माझी स्वतःची होती. बॅगेंत सात किलो भरेल इतका तांदूळ घालून मी ती उचलून तीन जिने चढलों. चाकांची बॅग उचलावी लागणारच नाहीं, असें मानणारा मनुष्य घराबाहेर पडलेला नसावा. वरची मूठ, बाजूची मूठ आणि तळाशीं हात घालण्यास पट्टा, अशा तीन जागा या बॅगेस होत्या. तिसऱ्या मजल्यावर मला धाप लागली, पण हातास वळ उठला नाहीं.

ह्या सात परीक्षांनंतर बॅग ठेवून घेण्याचें ठरलें. मग प्रश्न आला तो तिच्या पोटांत काय घालावें याचा. सातांतून दोन किलो १०० वजा जातां प्रत्येकास राहिले ४ किलो ९००. जाड कोट व बूट अंगावरच घालावयाचे ठरले. कपड्यांचे दोन जोड, लोंकरीची बंडी, टोपी, हातमोजे, पंचा, औषधें असें एकेक तोलून आंत गेलें. माझें आवडतें जाड पुस्तक ६०० ग्रॅम भरलें. तें हातांत घेऊन मी बराच वेळ बसलों, आणि मग कपाटांत परत ठेवलें. आपणांस काय हवें आणि कशावांचून चालतें, हा प्रश्न इतक्या स्पष्टपणें मला एरव्हीं कोणीं विचारला नव्हता.

आतां प्रत्यक्ष प्रवासांत काय झालें तें पाहूं. दिल्लीस पहाटेच्या विमानाच्या दारापाशीं रांग लागली असतां तेथील कर्मचाऱ्यानें सांगितलें, "वरचे कप्पे भरले आहेत, मागच्या उतारूंनीं लहान बॅगा खालीं द्याव्या." विमानाच्या पोटांत कांहींहि टाकावयाचें नाहीं, हा आमचा निश्चय तेथेंच मोडला. माझ्या डोळ्यांपुढें डेहराडून उभें राहिलें. परंतु नातीनें शांतपणें बाहेरच्या खिशाची चेन उघडून एक लहान कापडी पिशवी ओढून काढली व बॅग त्यांच्या स्वाधीन केली. त्या पिशवींत माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी, चष्मा, पैसे आणि मोबाइलची पॉवर बँक होती. पॉवर बँक विमानाच्या पोटांत ठेवण्यास मनाईच आहे. ती जवळच ठेवावी लागते, आणि तीहि १०० वॅट-तासांपर्यंतचीच विनापरवानगी चालते. या सर्व प्रकारास दहा सेकंद लागले. आठ दिवस आम्हीं बॅगेच्या चाकांची व चेनची चर्चा केली. पण खरा गुण त्या एका बाहेरच्या खिशाचा निघाला. बॅग हातांतून गेली तरी जीव हातांत राहिला पाहिजे. बॅगेची रचना अशी हवी कीं अंधारांत, घाईंत, रांगेंत उभें असतांना तें दहा सेकंदांत साधावें.

लेह सुमारें ३,५०० मीटर उंचीवर आहे. तेथील हवेचा दाब समुद्रकांठच्या दाबाच्या दोन तृतीयांशांइतकाच असतो, म्हणून पहिला एक-दोन दिवस विश्रांति घ्यावी असें डॉक्टर सांगतात. आमचें उतरण्याचें घर मोटारच्या रस्त्यापासून तीनशें पावलांवर होतें. आणि तीं तीनशें पावलें ओढ्याच्या कडेनें, गोट्यांच्या पायवाटेनें! पन्नास पावलांतच चाकांत खडी अडकली. मी दम खात उभा राहिलों. तेव्हां मोटारवाल्यानें वरची मूठ धरली, नातीनें तळाचा पट्टा धरला, आणि दोघांनीं माझी बॅग पालखीसारखी नेली. चाकें चांगलीं खरीं. पण हिमालयांत चाकांपेक्षां तळाच्या पट्ट्यानें अधिक काम केलें.

पुढें खारदुंग ला ही सुमारें ५,३६० मीटर उंचीची खिंड ओलांडून आम्ही नुब्रा खोऱ्यांत उतरलों. सर्व सामान जीपच्या टपावर बांधलें होतें. मऊ बॅगा एकमेकींत चेपून बसल्या आणि दोरीखालीं हलल्या नाहींत. आमच्या बरोबरच्या एका गृहस्थांच्या कडक पेटीवर मात्र दोरी ठरेना. शेवटीं ती आंत त्यांच्याच पायाशीं ठेवावी लागली, आणि सहा तास ते बिचारे गुडघे पोटाशीं घेऊन बसले. अर्थात् त्यांची बाजूहि सांगितली पाहिजे. त्यांच्या पेटींत कॅमेरा व भिंगें होतीं, आणि त्यांना ओरखडाहि आला नाहीं. नाजूक वस्तु नेणारास मऊ बॅग उपयोगाची नाहीं. ती दाब थोपवीत नाहीं, पुढें पोहोंचविते.

हुंडरला दोन मदारींचे उंट आणि वाळूच्या टेंकड्या आहेत. ती बारीक वाळू चेनच्या दांत्यांत शिरली व रनर करकरूं लागले. नातीनें जुना दांत घांसण्याचा ब्रश आणला होता. त्यानें रोज रात्रीं चेन झाडली, म्हणून ती वांचली. मीं वहींत टिपलेली ती एकेरी शिवण मात्र चौथ्या दिवशीं दिस्कितला उसवली. मजजवळ दाभण व मेण लावलेला दोरा होता. कंदिलासारख्या मिणमिणत्या दिव्याखालीं बसून पंधरा मिनिटांत मीं ती दुहेरी शिवली. दूरच्या प्रवासास मऊ बॅग कां न्यावी, याचें माझ्या मतें सर्वांत मोठें कारण हेंच आहे. फाटलेलें कापड कोणत्याहि खेड्यांत शिवतां येतें. तडकलेलें कवच शिवतां येत नाहीं.

परत आल्यावर मीं निकाल लावला. वजनास २० पैकीं १२ गुण. कापड व शिवण यांस २० पैकीं १५. चेन व पाऊस यांस १५ पैकीं १०. चाकांस १५ पैकीं ९. मुठी व उचल यांस १५ पैकीं १३. आणि खिसे व कप्पे यांस १५ पैकीं १२. एकूण १०० पैकीं ७१. पहिला वर्ग मिळाला, पण पारितोषिक नाहीं. ज्याचा प्रवास विमान, मोटार आणि मुक्कामाचें घर यांमधील आहे व ज्यास मधूनमधून शेंपन्नास पावलें खडकाळ वाट लागते, त्याला अशी बॅग मी खुशाल सुचवीन. ज्याला दिवस दिवस पायीं चालावयाचें आहे, त्यानें मात्र चाकांचा मोह सोडून पाठीवरची पिशवीच घ्यावी. तो एक किलो ३०० ग्रॅमचा भार त्याला चढावर शिव्या देईल.

एक शेवटची सूचना. अशा कापडाला आंतून बहुधा पॉलियुरेथेनचा लेप असतो. दमट व उष्ण हवेंत वर्षानुवर्षें कोंडून ठेवलें तर तो लेप चिकट होतो व पापुद्रे सुटूं लागतात. आपल्या मुंबईकडे व कोंकणांत बॅगा प्लास्टिकमध्यें गुंडाळून माळ्यावर टाकण्याची पद्धति आहे, ती सोडावी. बॅग पुसून, चेन उघडी ठेवून, हवेशीर जागीं ठेवावी आणि पावसाळा संपला कीं एकदां सावलींत वाळवावी.

श्रोतेहो, वस्तु विकत घेतांना आपण तिला तिच्या सर्वांत चांगल्या घटकेंत पाहतों. दुकानांत दिवे लखलखीत असतात, फरशी गुळगुळीत असते आणि बॅग रिकामी असते. परंतु तिचा खरा उपयोग तिच्या सर्वांत वाईट घटकेंत होतो: दारापाशीं, चढावर, पावसांत. म्हणून तोलकांटा, फूटपट्टी, पाण्याचा झारा आणि घरचे तीन जिने, एवढीं साधनें घेऊन ती वाईट घटका आधीं घरींच आणून पाहावी. त्यांत खर्च कांहीं नाहीं, आणि जें वांचतें त्याची किंमत मला २०११ सालापासून ठाऊक आहे.

बॅग सध्यां आमच्या कपाटांत उघडी ठेवलेली आहे. बद्रीनाथचें मंदिर पुढल्या उन्हाळ्यांत उघडेल तेव्हां जाऊं या, असें आमच्या घरांत चाललें आहे. डॉक्टरांनींहि या वेळीं नाहीं म्हटलेलें नाहीं. परवां मी पाहिलें, तर पत्नीनें एक लहान कापडी पिशवी शिवून बॅगेच्या बाहेरच्या खिशांत घालून ठेविली होती. "इन्सुलिनसाठीं," ती म्हणाली, "आणि या वेळीं बॅग मी भरणार." मीं त्यास हरकत घेतली नाहीं.